नंतर आठवण करा

मानवजातीच्या इतिहासात खऱ्या अर्थाने तीनच क्रांत्या झाल्या. माणसाला अग्नी सापडला, माणसाला चाक सापडलं, आणि माणसाच्या मनातला शब्द तोंडाची वाट न पाहता थेट जगाला ऐकू जाऊ लागला. यांपैकी तिसऱ्या आणि सर्वांत थोर क्रांतीची ताजी आवृत्ती सांगलीच्या विश्रामबागेत एका दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कित्येक महिने खोळंबून उभी होती, कारण हेमंतराव गुळवणी रोज सकाळी दात घासून झाले की ‘नंतर आठवण करा’ हे बटण दाबत होते.

बटण त्यांच्या गळ्यातच होतं. तीन वर्षांपूर्वी हेमंतरावांना पक्षाघात झाला. बुद्धी शाबूत राहिली, स्मरण शाबूत राहिलं, राग तर तसूभरही हलला नाही. पण उजवा हात गेला आणि मेंदूपासून जिभेपर्यंतचा रस्ता उखडला. हा रस्ता निवडणुकीच्या तोंडावर दुरुस्त होणाऱ्यांतला नव्हता. फार जोर लावला तर तोंडातून एखाददुसरा शब्द सांडायचा, तोही लाळेसकट.

मग डॉक्टरांनी त्यांच्या मेंदूवर कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ जाळी बसवली. माणूस ‘पाणी’ म्हणायचं मनात आणतो, तेव्हा आधी ओठ मिटण्याचा हुकूम सुटतो, मग उघडण्याचा, मग जिभेला टाळूकडे जाण्याचा. जीभ ऐको न ऐको, हुकूम सुटतोच. ही जाळी ते हुकूम वाटेतच टिपते आणि गळ्यातल्या पदकाला बिनतारी कळवते. पदक त्यांची अक्षरं जुळवतं आणि बोलतं. आवाज हेमंतरावांचाच, जुन्या ध्वनिफितींवरून घडवलेला. पदकाचं नाव कंठमणी, आणि त्याला चालवणारी ऑपरेटिंग सिस्टिम होती चौथी. लोक तिला नुसतंच ‘चार’ म्हणत.

पदक गळ्यात पडलं त्या दिवशी वृषालीताई म्हणाल्या होत्या, “बरं झालं. गळ्यात काही बांधून घेतलं की काय होतं, ते आता तुम्हालाही कळेल.”

‘चार’ची एक खोड होती. वाक्य पूर्ण ऐकल्याशिवाय ती तोंड उघडत नसे. हेमंतरावांनी मनातल्या मनात पूर्णविराम दिला की ती सगळं पुन्हा तपासायची आणि मगच बोलायची. तेवढ्यात समोरच्याला जांभई देऊन होत असे. आता बाजारात पाचवी आली होती. तिला अजिबात वेळ लागत नव्हता. ती फुकट होती. तरीही हेमंतराव हटत नव्हते.

आता नवी ऑपरेटिंग सिस्टिम घ्यायला माणूस का कचरतो, याची कारणं विद्वानांनी पुष्कळ दिली आहेत. खरं कारण असं, की जुन्या घरात अंधारातसुद्धा हात बरोबर दिव्याच्या बटणावर पडतो. नव्या घरात चाळीस बटणं असतात, सगळी सुंदर असतात, आणि दिवा लावायला गेलं की पंखा लागतो. घर लावणारा म्हणतो, होईल सवय. सवय होतेही. पण ती होईपर्यंत स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखं वावरावं लागतं, आणि सत्तरीकडे झुकलेल्या माणसाला पाहुणा होण्याची हौस उरलेली नसते.

हेमंतरावांचं कारण मात्र याहून खोल होतं, आणि ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. ‘चार’ थांबायची, तेवढा वेळ वृषालीताई हातातलं काम ठेवून त्यांच्या तोंडाकडे बघत राहायच्या. लग्नाला पस्तीस वर्षं झाली. पण बायको आपल्या चेहऱ्याकडे इतकी टक लावून बघते, हे सुख त्यांना पक्षाघातानंतरच मिळालं होतं.

“दाबलंत ना पुन्हा ते बटण?” एका सकाळी वृषालीताईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

हेमंतराव मनात बोलले. ‘चार’ने विचार केला. वृषालीताई झारा हातात घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या.

“चाललंय ते बरं चाललंय,” पदक म्हणालं.

“काय बरं चाललंय? तुमचं वाक्य येईपर्यंत माझी फोडणी जळते.” मग आवाज उतरला. “चिडू नका हं. पण मला दमायला होतं हो, वाट बघून.”

ज्याला हेमंतराव आजवर सुख समजत होते, ती बायकोच्या हिशेबी हमाली होती. त्यांनी डाव्या हातानं बटण दाबलं. या वेळी दुसरं.

लगोलग कंपनीची तंत्रज्ञ तबस्सुम मुजावर मिरजेहून आली. चुणचुणीत पोरगी, बोलता बोलता पदक उघडायची.

“काका, अख्ख्या जिल्ह्यात ‘चार’वर तुम्ही एकटे उरला होता. आमच्या ऑफिसात तुमचा फोटो लावायचं चाललेलं.”

“एकटा राहिलो असतो तर काय झालं असतं?” ‘चार’ने सवडीनं विचारलं.

“तिची दुरुस्ती आता बंद की वो. उद्या कुणी टारगट पोरगं साधा रेडिओ घेऊन जिन्यात उभं राहिलं, तर तुमच्या गळ्यातनं वाट्टेल ते बोलवंल.”

“पण ते टारगटाचं आहे, एवढं तरी लोकांना कळेल.”

हे ‘चार’चं शेवटचं वाक्य ठरलं.

तबस्सुमनं नव्या सिस्टिमची रीत समजावून सांगितली. ‘पाच’ला सबंध वाक्य लागत नाही. लाखो माणसांची बोलणी तिनं ऐकलेली असतात. तुमचीही तीन वर्षांची तिच्याकडे असतात. तुमच्या पहिल्या दोन-तीन अक्षरांवरून पुढचं काय असेल याचा अंदाज बांधून ती बोलून मोकळी होते. पदकात बारीक कॅमेरा असतो. कुठलं वाक्य बोलल्यावर समोरच्याच्या कपाळावरची आठी गेली, हे तो टिपतो, आणि पुढच्या वेळी तसंच वाक्य आधी सुचतं.

“म्हणजे खोटं बोलते?” वृषालीताईंनी विचारलं.

“छे हो काकू. काका जे काय काय बोलू शकले असते, त्यातलं चांगलं निवडते. पंधरवडाभर वापरून बघा. पटलं नाही तर तोवर मागं जाता येतंय. नंतर मात्र नाही. मेंदूवरची जाळी नव्या चालीला बसली की जुनी चाल पुसली जाते.”

“फार छान समजावून सांगतेस बेटा,” हेमंतरावांचं पदक खणखणीत म्हणालं. “अशी मुलं आहेत म्हणून देश चाललाय.”

तबस्सुम लाजली. हेमंतराव चपापले. त्यांना विचारायचं होतं, ‘फार दुखेल का?’

पहिले दोन दिवस मजेत गेले, हे कबूल करायला हवं. तीन वर्षांनी ते फोनवर मुलीशी, इंदूरच्या ऋजुताशी, थांबा न घेता बोलले. ती हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. भाजीवाल्याशी त्यांनी घासाघीस केली आणि हरूनही दोघं खूश झाले.

तिसऱ्या दिवशी दुपारी पिठलं झालं होतं. पिठल्यात गाठी होत्या. हेमंतरावांनी पहिला घास घेतला आणि भुवई वर करून मनात सुरुवात केली, ‘गाठी…’

“गाठी वरून बांधलेल्या असतात म्हणतात ना वृषाली, ते काही खोटं नाही,” पदक म्हणालं. “मी मोठा नशीबवान.”

वृषालीताईंच्या हातातला डाव तसाच राहिला. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. त्या पाठमोऱ्या झाल्या आणि उगीचच ओटा पुसू लागल्या. हेमंतरावांनी पिठलं गाठींसकट गिळलं.

पुढे ‘आज पाणी येणार नाही’ असं सांगायला त्यांनी ‘आज’ म्हटलं, तर पदकानं “आज किती प्रसन्न दिसतेस गं” असं पुरं केलं. त्या आत जाऊन आरशात बघून आल्या. पाणी गेलं ते गेलंच. पण बादल्या रिकाम्या असूनही दिवसभर घरात गुणगुणणं चालू होतं. ते गुणगुणणं हेमंतरावांनी फार वर्षांत ऐकलं नव्हतं. ऐकून बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून वाईट वाटलं.

इथं हेमंतरावांचा जुना धंदा सांगणं भाग आहे. फिरत्या नाटक कंपनीत ते प्रॉम्प्टर होते. विंगेत स्टूल टाकून, मांडीवर संहिता घेऊन, अडलेल्या नटाला वाक्य पुरवायचं, हे त्यांचं काम. वाक्य कुणीही पुरवेल. कठीण असतं ते गप्प बसणं. रंगमंचावर शांतता दोन जातींची असते. एक विसरल्याची आणि एक मुद्दाम घेतलेली. विसरलेल्या नटाचा श्वास वर अडकतो. थांबलेल्याचा खाली बसतो. ज्या प्रॉम्प्टरला हा फरक कळत नाही, तो नटाच्या सर्वांत मोठ्या क्षणी विंगेतून खुसफुसतो आणि अख्खा प्रवेश मातीत घालतो. अशा प्रॉम्प्टरला कंपनीत दुसऱ्या दिवशीपासून सामान भरायच्या ट्रकवर पाठवत. आणि आता तसलाच एक प्रॉम्प्टर हेमंतरावांच्या गळ्यात लोंबत होता, आणि त्याला ट्रकवर पाठवणारं कुणी नव्हतं.

एका संध्याकाळी ते खालच्या बागेत गेले. बाकावर दादासाहेब चौगुले बसले होते. तंबाखूपायी चौगुल्यांचा गळा कापावा लागला, म्हणून त्यांनाही कंठमणी होता. ‘पाच’ त्यांनी सर्वांआधी घेतली होती. त्याआधी चौगुले म्हणजे सोसायटीतलं सर्वांत शिवराळ तोंड. पार्किंगवरून त्यांनी सुरुवात केली, की बायका पोरांना आत घेत. ‘पाच’ आल्यावर एकदा त्यांच्या जागेत दुसऱ्याच कुणी गाडी लावली. चौगुल्यांनी लाल होऊन दंड थोपटले, आणि गळ्यातून निघालं, “असू दे, असू दे, जागा काय आपल्यासोबत वर न्यायची आहे?” तेव्हापासून त्यांची गाडी रस्त्यावर उभी असे.

“या हेमंतराव,” चौगुल्यांचं पदक म्हणालं. “आपली भेट म्हणजे पर्वणीच.”

चौगुले आयुष्यात कुणाला ‘आपण’ म्हणाले नव्हते. हेमंतरावांनी मनात विचारायला घेतलं, ‘दादा, तुलाही हे…’

“दादा, तुलाही हे वारं मानवलेलं दिसतंय,” त्यांचं पदक म्हणालं.

“सगळी देवाची कृपा. वहिनींची तब्येत?”

“उत्तम. तुमच्यासारखी माणसं शेजारी असताना काळजी कसली?”

“वा, काय बोललात!”

“तुम्ही ऐकून घेता म्हणून बोलतो.”

पदकांची बैठक मोठी रंगली. हवा झाली, नातवंडं झाली, पूर्वीच्या काळी दुधाला साय कशी यायची तेही झालं. मधे दोन म्हातारे एकमेकांकडे बघत बसले होते. चौगुल्यांचे ओठ हलत नव्हते. डोळे मात्र बोलत होते, आणि गळा कापल्यापासून चौगुले इतके घाबरलेले कधी दिसले नव्हते. त्यांनी हेमंतरावांचा डावा हात घट्ट धरला. समोरून जाणाऱ्या कुलकर्णीबाई म्हणाल्या, “किती छान वाटतं बाई, माणसं अशी बोलत बसलेली पाहून.”

आणि मग इंदूरचा विषय निघाला.

चहा झाला होता. वृषालीताई समोर येऊन बसल्या. पदर बोटाला गुंडाळत होत्या. मोठी गोष्ट काढायची असली की त्या असं करत.

“अहो, एक विचारू? ऋजुता कधीची म्हणतेय, दोघं इकडेच या म्हणून. तिलाही एकटीला जड जातं, आणि तुमचं काही झालं तर मी इथं कुणाकडे बघू? हा फ्लॅट काढू या का? तुम्हाला चालेल का? खरं सांगा.”

हेमंतरावांना उत्तर माहीत नव्हतं. नाही म्हणावं असं वाटत होतं, आणि बायकोचे थकलेले हात बघून नाही म्हणवतही नव्हतं. या गावात त्यांच्या पायाखालची प्रत्येक फरशी ओळखीची होती. ज्या नाट्यगृहात ते तरुणपणी विंगेत बसायचे, ते इथून चालत जाण्याजोगं होतं. त्यांनी श्वास खाली सोडला आणि थांबले. आयुष्यात पहिल्यांदाच ते एका प्रश्नासाठी मनापासून थांबले होते. मनात फक्त एक शब्द आकाराला येत होता, ‘तू…’

“तू म्हणशील तसं,” पदक म्हणालं. “तुझ्या सुखाहून मला दुसरं काय हवंय?”

वृषालीताईंनी डोळ्यांना पदर लावला. “मला वाटलं होतं, तुम्ही आकाशपाताळ एक कराल,” त्या म्हणाल्या, आणि उठून मुलीला फोन लावला.

पुढचे काही दिवस हेमंतरावांनी शर्थ केली. ‘मला इथंच’ म्हणायला जावं, तर निघे, “मला इथंच बसून आता तिथली ओढ लागलीय.” ‘नको’ म्हटलं तर “नको तेवढी काळजी करतेस.” तबस्सुमला फोन करून ‘काढून टाक’ म्हणायला गेले, तर पदकानं तिच्या कामाला पाचपैकी पाच तारे दिले.

लिहून दाखवता आलं असतं. डाव्या हाताच्या एका बोटानं फोनवर टंकता येत होतं. एका दुपारी त्यांनी टंकलंही. ‘ते मी बोललो नव्हतो.’ वृषालीताई खिडकीत बसून जुनी भांडी निवडत होत्या, इंदूरला न्यायची कुठली आणि द्यायची कुठली. केसांत मोगरा होता. मोगरा का, तर आदल्या दिवशी पदक म्हणालं होतं की तुला मोगरा शोभतो.

हेमंतरावांचं बोट तिथंच थांबलं. एक वाक्य यंत्राचं निघालं, तर कुठलं वाक्य आपलं म्हणून उरणार? पिठल्याचं जाईल, आरशाचं जाईल, मोगराही जाईल. पस्तीस वर्षांत जे आपण तिला दिलं नाही, ते एका पदकानं पंधरवड्यात दिलं. आणि आता आपण ते हिसकावून घ्यायला निघालोय, तेही घर वाचवायला. यात नीच कोण, पदक की आपण, याचा त्यांना निकाल लावता येईना. त्यांनी एकेक करून अक्षरं खोडली. फोननं विचारलं, ‘त्याऐवजी “तुझ्यावर प्रेम आहे” असं लिहू का?’ त्यांनी फोन पालथा ठेवला.

पंधरवड्याचा शेवटचा दिवस उजाडला आणि त्याच दिवशी फ्लॅट बघायला एक तरुण जोडपं आलं. बायको पोटुशी होती. वृषालीताईंनी सरबत दिलं.

“या, या,” हेमंतरावांचं पदक सुरू झालं. “आपलंच घर समजा. सकाळचं ऊन या खिडकीत येतं. बाळाला फार मानवेल.”

“किती गोड आहेत हो काका,” ती मुलगी म्हणाली.

“इथं आमचे दिवस सोन्यासारखे गेले. आता तुमचे जावोत. शेजार तर असा, की—”

हेमंतरावांनी डावा हात मानेमागे नेला. साखळीची कडी एका हातानं निघेना. पदक शेजारधर्मावर बोलतच होतं. त्यांनी हिसका दिला. साखळी तुटली, मानेवर लाल रेघ उठली, आणि “चौगुल्यांसारखा देवमाणूस” एवढं म्हणून पदक सरबताच्या ग्लासात पडलं.

घर एकदम शांत झालं. बाहेर कुणीतरी गालिचा झटकत होतं, तो आवाज आत येऊ लागला.

जोडप्यातल्या नवऱ्यानं घसा साफ केला. “आम्ही… नंतर येतो.”

“हं. नंतर या,” वृषालीताई म्हणाल्या. दार लोटून त्या परत आल्या. ग्लासाकडे पाहिलं, मानेवरच्या रेघेकडे पाहिलं, आणि मग पंधरा दिवसांनी पहिल्यांदा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. हेमंतरावांच्या तोंडाच्या एका कोपऱ्यातून लाळ आली होती. डोळ्यांतूनही काही येत होतं.

“तुम्हाला जायचं नाहीये,” त्या हळूच म्हणाल्या.

हेमंतरावांनी मान हलवली. ती नक्की होकाराची की नकाराची, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

वृषालीताई खुर्ची ओढून समोर बसल्या. मग केसांतला मोगरा काढून त्यांनी टेबलावर ठेवला.

“इंदूरचं राहू दे. घराचं काय, आज नाही उद्या ठरेल. मला एवढंच सांगा.” त्यांनी मोगरा टेबलावर जरा बाजूला सारला. “हे इतके दिवस जे जे काही बोललात मला… ते सगळं त्या मेल्या ‘पाच’चंच होतं का? की त्यातलं एखादं तरी तुमचं होतं? एक असलं तरी पुरे. पण खोटं नको.”

तेवढ्यात वृषालीताईंचा फोन वाजला. तबस्सुम होती.

“काकू, आज शेवटचा दिवस. संध्याकाळी मागं जायची मुदत संपतीय. काकांचं काय ठरलं? ‘पाच’ ठेवायची, का ‘चार’वर मागं जायचं? आत्ताच सांगा, मी कॉम्प्युटरवर बोट ठेवून बसलीय.”

“थांब जरा,” वृषालीताई फोन गालापासून दूर धरत म्हणाल्या. “हे बोलतायत.”

हेमंतराव खरंच बोलू लागले होते. त्यांनी दोन्ही पाय जमिनीवर रोवले. जबडा एका बाजूला ओढला गेला, मानेच्या शिरा टरारल्या. छातीत पस्तीस वर्षांचं सगळं दाटलं होतं. पिठलं, मोगरा, विंगेतली स्टुलं, आपण दौऱ्यावर असताना तिनं एकटीनं काढलेले महिने, होय आणि नाही आणि माफ कर. एवढं सगळं जिभेवर मावणार नव्हतं. जिभेवर जेमतेम दोन शब्दांची जागा होती, आणि पदकाला जन्मात सुचले नसते असे ते त्यांना निवडायचे होते.

वृषालीताई पुढे झुकल्या. त्यांनी नवऱ्याचा डावा हात हातात घेतला. वृषालीताईंना कसलीच घाई दिसत नव्हती.

“पा…” हेमंतराव म्हणाले.

“हं. बोला. मी आहे.”

“पाठ…”

त्या वाट बघत राहिल्या.

“…खाजव.”